करिअर ठरलेलं नसताना अकरावीचे विषय कसे निवडायचे?

दहावीला ८६ टक्के मिळालेल्या एका मुलीने हा प्रश्न विचारला आहे. गणित-विज्ञान बऱ्यापैकी जमतं, इतिहास मनापासून आवडतो, इंटरमिजिएट ड्रॉइंगला ए ग्रेड आहे, रसायनशास्त्राचा मात्र कंटाळा येतो. पुढे काय व्हायचं ते ठरलेलं नाही. बाबा म्हणतात सायन्स घे, सगळे रस्ते खुले राहतात. मामा म्हणतो कॉमर्स घे, सायन्समध्ये उगाच दमशील. मग विषय निवडायचे कशाच्या आधारावर? मी बरीच वर्षं कनिष्ठ महाविद्यालयात शिकवते आणि दर जून-जुलैत अशा मुलांशी आणि त्यांच्या आईवडिलांशी बोलत असते. तिलाच उद्देशून लिहिते.

बाळा, ठरलेलं नाही याची लाज वाटू देऊ नकोस. वर्गात छातीठोकपणे 'मला अमुकच व्हायचंय' म्हणणाऱ्या मुलांना थोडं खोदून विचारलं, की बहुतेकांनी घरात ऐकलेली चार-पाच नावं असतात: डॉक्टर, इंजिनिअर, सीए, कलेक्टर. त्या कामात दिवसभर नेमकं काय करतात हे त्यांनाही ठाऊक नसतं, आणि बारावी होईपर्यंत त्यातले कितीतरी जण वेगळंच काही बोलू लागतात. त्यामुळे 'मी कोण होणार' हा प्रश्न तूर्त बाजूला ठेव. त्याच्या जागी दोन लहान प्रश्न घे. आज सोडला तर पुढे पुन्हा धरता येणार नाही असा विषय कोणता? आणि तो धरून ठेवायचा तर रोजचे किती तास द्यावे लागतील? या दोन्हींची उत्तरं आजच मिळू शकतात.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर बहुतेक मुलांच्या बाबतीत एकच येतं: गणित.

इंजिनिअरिंगला बारावीचं गणित लागतं हे सगळ्यांना माहीत असतं. पण यादी तिथे संपत नाही. आर्किटेक्चरला गणित आणि भौतिकशास्त्र दोन्ही लागतात. एनडीएत, म्हणजे खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत, भूदलासाठी कोणत्याही शाखेची बारावी चालते, पण हवाई दल आणि नौदलासाठी भौतिक, रसायन आणि गणित हवं. शिवाय लेखी परीक्षेत गणिताचा ३०० गुणांचा पेपर सगळ्यांनाच असतो. (२०२२ पासून मुलींच्याही तुकड्या तिथे दाखल होत आहेत, म्हणून तुला सांगते.) कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत बी.स्टॅट. (संख्याशास्त्राची पदवी) करायचं तर बारावीला गणित पाहिजे. दिल्ली विद्यापीठात अर्थशास्त्र ऑनर्स करायचं तर सीयूईटीमध्ये, म्हणजे केंद्रीय विद्यापीठांच्या प्रवेश परीक्षेत, गणिताचा पेपर द्यावाच लागतो, आणि हे ऐकून कला शाखेची हुशार मुलं दरवर्षी चकित होतात. भौतिकशास्त्र, संख्याशास्त्र, डेटा सायन्स यांतल्या पदव्यांचं तर बोलायलाच नको. कॉमर्सकडे वळलीस तरी सीए फाउंडेशनच्या चार पेपरांपैकी एक व्यवसायगणित, तर्क आणि संख्याशास्त्राचाच असतो.

नियमांपेक्षाही मोठं कारण या विषयाच्या स्वभावात आहे. इतिहास पंचविसाव्या वर्षी हातात घेतला तरी मजेत वाचता येतो, उलट तेव्हा जास्त कळतो. गणितात मात्र दोन वर्षांचा खंड पडला, की हात जड होतो. अकरावी-बारावीत मर्यादा, विकलन, संकलन (म्हणजे कॅल्क्युलस) आणि संभाव्यता यांची जी ओळख होते, ती नंतर नोकरी किंवा दुसरी पदवी सांभाळत एकट्याने करून घेणारी माणसं आहेत, पण फार थोडी. आणि अर्थशास्त्र असो, मानसशास्त्रातलं संशोधन असो की भूगोलातलं नकाशांचं आधुनिक काम, आकडेवारी सगळीकडे शिरलेली आहे. म्हणून कोणत्याही शाखेत जा, गणित जमत असेल तर ते ठेव, असं मी प्रत्येक न ठरलेल्या मुलाला सांगते.

आपल्या महाराष्ट्र राज्य मंडळात बारावीला गणिताचे दोन वेगळे अभ्यासक्रम आहेत हेही लक्षात घे. विज्ञान आणि कला शाखेसाठी एकच 'गणित व संख्याशास्त्र' आहे, वाणिज्यासाठी वेगळं. इंजिनिअरिंगचा विचार मनात असेल तर पहिलं लागेल. वाणिज्य शाखेत गणिताऐवजी 'चिटणिसाची कार्यपद्धती' घेण्याचा सल्ला सर्रास दिला जातो, कारण त्यात गुण सोपे मिळतात. ज्याला गणिताचा खरोखर त्रास होतो त्याने खुशाल घ्यावा. तुला गणित जमतं, तू घेऊ नकोस.

जीवशास्त्राची गोष्ट वेगळी आहे. नीट परीक्षेला, म्हणजे वैद्यकीय, दंतवैद्यकीय, आयुर्वेद या सगळ्यांना जीवशास्त्र लागतंच. पण ते सुटलं तर कायमचं सुटलं, असं आता राहिलेलं नाही. अकरावी-बारावीत नियमित विद्यार्थी म्हणून जीवशास्त्र केलेलं असलंच पाहिजे, असा नियम पूर्वी होता. राष्ट्रीय आयुर्विज्ञान आयोगाने नोव्हेंबर २०२३ मध्ये सूचना काढून बारावीनंतर अतिरिक्त विषय म्हणून जीवशास्त्र देणाऱ्यांनाही नीटला बसण्याची मुभा दिली. आपल्या राज्य मंडळात बारावी झालेल्यांना 'तुरळक विषय' (एखादाच सुटा विषय) घेऊन परीक्षेला बसता येतं, आणि राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेचाही मार्ग आहे. वर्ष जाईल, कष्ट पडतील, पण वाट आहे. कागदोपत्री गणितालाही हीच सोय लागू आहे. प्रत्यक्षात एका वर्षात जीवशास्त्र वाचून काढणं आणि गणित घोटून काढणं यात फार फरक पडतो.

आता बाबांचं म्हणणं. 'सायन्स घेतलं की सगळे रस्ते खुले' हे नियमाच्या पुस्तकापुरतं बरंचसं खरं आहे. विज्ञानातून बारावी झालेल्या मुलीला बी.ए. करता येतं, बहुतेक विद्यापीठांत बी.कॉम.ही करता येतं. कला शाखेतून बारावी केलेल्या मुलीला बी.एस्सी. भौतिकशास्त्र किंवा इंजिनिअरिंग करता येत नाही. ही वाट एकाच दिशेने वाहते, त्यामुळे बाबांचा सल्ला निराधार नाही.

पण त्यातली अर्धी बाजू कुणी सांगत नाही. रस्ता खुला राहतो तो बरे गुण मिळाले तर. रसायनशास्त्रात जीव रमत नाही म्हणून बारावीला ४८ टक्के पडले, तर इंजिनिअरिंगचा रस्ता नावालाच उघडा राहतो आणि चांगल्या कॉलेजातलं बी.ए. अर्थशास्त्रही हातचं जातं, कारण तिथे मानसशास्त्र-अर्थशास्त्र मन लावून शिकलेली ८५ टक्क्यांची मुलं रांगेत उभी असतात. खुल्या ठेवलेल्या प्रत्येक रस्त्याचं भाडं रोज भरावं लागतं, आणि ते तुझ्या संध्याकाळच्या वेळेतून, झोपेतून आणि आत्मविश्वासातून जातं. आत्मविश्वासाचं मला सर्वांत वाईट वाटतं. दहावीपर्यंत स्वतःला हुशार समजणारी मुलं अकरावीच्या पहिल्या घटक चाचणीत भौतिकशास्त्रात १० पैकी ३ पाहतात आणि पुढचे कित्येक महिने वर्गात मान वर करत नाहीत. त्यातल्या अनेकांना तो विषय नकोच होता.

दुसऱ्या बाजूने हेही पाहा, की कितीतरी रस्त्यांना शाखेची अटच नाही. पाच वर्षांचा कायद्याचा अभ्यासक्रम, मग तो आपल्या राज्याच्या सीईटीतून असो की क्लॅटमधून (राष्ट्रीय विधी विद्यापीठांची प्रवेश परीक्षा), कोणत्याही शाखेच्या बारावीला खुला आहे. सीए तसंच. राष्ट्रीय डिझाइन संस्थेची प्रवेश परीक्षा, आयआयटींची डिझाइनची युसीड, मुंबईच्या सर जे. जे. कला महाविद्यालयासारख्या ठिकाणची बी.एफ.ए., हॉटेल मॅनेजमेंट, पत्रकारिता, बीबीए, बीसीए: कुठेही विज्ञान शाखेची सक्ती नाही. लोकसेवा आयोगाच्या परीक्षेला कोणतीही पदवी चालते. तुला इतिहास आवडतो म्हणून सांगते, पुण्याच्या डेक्कन कॉलेजात पुरातत्त्वशास्त्राचं एम.ए. करायला कोणत्याही शाखेचे पदवीधर येतात. विज्ञानाचे पदवीधर तिथे उपयोगीच पडतात, कारण उत्खननात सापडलेली हाडं, धान्य आणि धातू तपासायला तेही ज्ञान लागतं.

'पीसीएमबी (भौतिक, रसायन, गणित, जीवशास्त्र) घ्या, म्हणजे दोन्ही बाजू सुरक्षित' हा सल्लाही तुला मिळेल. मंडळाच्या हिशेबाने पीसीएमबी घेणाऱ्याला विषय काही वाढत नाहीत. इंग्रजी, दुसरी भाषा आणि चार ऐच्छिक, एकूण सहाच. जीवशास्त्राऐवजी आयटी किंवा भूगोल घेतलास तरी सहाच. ओझं वाढतं ते दोन प्रवेश परीक्षा एकाच वेळी डोक्यावर घेतल्यावर. जेईई (आयआयटीसारख्या संस्थांची इंजिनिअरिंगची प्रवेश परीक्षा) आणि नीट यांची तयारी करण्याची पद्धतच निराळी आहे. एकीकडे कमी प्रश्न खोलवर सोडवायचे, दुसरीकडे १८० प्रश्न वेळेत आणि बिनचूक. दोन्ही साधणारी मुलं अगदी विरळा. म्हणून ज्याला जीवशास्त्राची खरी ओढ आहे त्यानेच चारही घ्यावेत, आणि प्रवेश परीक्षा कोणती द्यायची ते अकरावी संपताना ठरवावं. तोवर काही वाया जात नाही: एमएचटी-सीईटीत (राज्याची इंजिनिअरिंग, फार्मसी, कृषीची प्रवेश परीक्षा) सुमारे २० टक्के भाग अकरावीचा असतो, आणि बी.फार्म. किंवा कृषी पदवीसाठी गणित आणि जीवशास्त्र यांपैकी कोणताही गट चालतो. बायफोकल, म्हणजे व्यवसायाभिमुख विषयाचं मात्र व्यवस्थित समजून घे. संगणकशास्त्र किंवा इलेक्ट्रॉनिक्ससारखा बायफोकल विषय २०० गुणांचा असतो, तो दुसऱ्या भाषेची आणि एका ऐच्छिक विषयाची जागा घेतो. गुण चांगले पडतात, पण जीवशास्त्र आणि भाषा दोन्ही जातात. ज्याचं ठरलंय त्याला तो छान. तुझ्यासारखीने दोनदा विचार करावा.

पॉलिटेक्निक डिप्लोमा हा उत्तम मार्ग आहे, तीन वर्षांनी थेट इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो. पण त्यात सोळाव्या वर्षीच शाखा निवडावी लागते, म्हणून न ठरलेल्यांना मी तो सुचवत नाही.

आता दुसरा प्रश्न, तुला किती तास आणि किती कष्ट पडतील. हे टक्केवारीवरून कळत नाही. दहावीची टक्केवारी सहापैकी सर्वोत्तम पाच विषयांवर निघते, म्हणजे सर्वांत कच्चा विषय त्यात दिसतच नाही. शिवाय प्रत्येक विषयात २० गुण शाळेच्या हातातले असतात. म्हणून शाळेतल्या पूर्वपरीक्षेचे तपासलेले पेपर पुन्हा काढ आणि बीजगणित-भूमितीच्या लेखी पेपरांत ४० पैकी किती, विज्ञानाच्या दोन्ही भागांत ४० पैकी किती, एवढंच बघ. त्यातही पाठ केलेल्या उत्तरांना गुण मिळाले की न पाहिलेली गणितं सुटली, हे फक्त तुलाच माहीत आहे, आणि इथे स्वतःशी अगदी प्रामाणिक राहायचं. दहावीच्या विज्ञानातून अकरावीच्या भौतिकशास्त्रात जाताना मोठी उडी घ्यावी लागते. तिथे व्याख्या पाठ असून भागत नाही, सदिश (व्हेक्टर) आणि विकलन पहिल्या काही आठवड्यांतच येतं.

याहून चांगली चाचणी घरबसल्या करता येते, आणि कुठल्याही महागड्या ॲप्टिट्यूड टेस्टपेक्षा माझा तिच्यावर जास्त विश्वास आहे. बालभारतीच्या संकेतस्थळावर अकरावीची पुस्तकं मोफत मिळतात. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित, अर्थशास्त्र, मानसशास्त्र, इतिहास आणि पुस्तपालन (कॉमर्सचा हिशेब ठेवण्याचा विषय), एवढी उतरवून घे. प्रत्येकातले पहिले दोन धडे कुणाच्याही मदतीशिवाय वाच आणि स्वाध्याय सोडवायला बस. उत्तरं बरोबर येतात का याकडे फार लक्ष देऊ नकोस. अडलीस तेव्हा काय झालं ते बघ. एखाद्या विषयात अडल्यावर तू पान मागे उलटून पुन्हा बसतेस, दुसऱ्या दिवशीही ते डोक्यात घोळत राहतं. दुसऱ्या विषयात अडल्यावर फोन हातात येतो. अकरावी-बारावी म्हणजे रोज अडणंच आहे. ज्या विषयात अडायला तुझी हरकत नाही, तो तुझा विषय. गुण नंतर येतात.

आणखी एक तपासून घे. इतिहास आवडतो की इतिहास शिकवणाऱ्या बाई आवडायच्या? रसायनशास्त्राचा कंटाळा विषयाचा आहे की नववीत कुणी घाईघाईने उरकलेल्या धड्यांचा? नावडलेल्या विषयाचे दोन धडे स्वतः वाचलेस की याचाही उलगडा होईल. रसायनशास्त्राबाबत तुला हे करणं फार गरजेचं आहे, कारण विज्ञान शाखेत त्याच्यापासून सुटका नाही, आणि आर्किटेक्चर किंवा डिझाइनकडे जाणाऱ्या मुलीला त्यात अव्वल असण्याची गरजही नाही. 'आवडत नाही पण ६५ पर्यंत ओढून नेईन' आणि 'बघितलं तरी पोटात गोळा येतो' यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिलं चालतं.

कॉलेजबद्दल थोडं. २०२५-२६ पासून अकरावीचे प्रवेश सगळ्या राज्यात ऑनलाइन केंद्रीय पद्धतीने होत आहेत. पसंतिक्रम भरताना मुलं फक्त कट ऑफ बघतात. तू त्या कॉलेजात तुला हवे ते विषय प्रत्यक्ष शिकवले जातात का हे बघ. माहितीपत्रकात मानसशास्त्र किंवा भूगोल छापलेला असतो, पण तुकडी भरली नाही किंवा शिक्षकाची जागा रिकामी आहे म्हणून तो मिळत नाही. कला शाखेत गणित देणारी कॉलेजं तर मोजकीच आहेत. फॉर्म भरण्याआधी स्वतः जाऊन विचारायचं, आणि शक्य असेल तर बारावीच्या एखाद्या मुलीला गाठून विचारायचं.

आणि तुझ्या आईबाबांना माझं हात जोडून सांगणं आहे: मुलीचं ठरलेलं नसताना क्लासची किंवा इंटिग्रेटेडची (कॉलेज आणि क्लास एकत्र) दोन वर्षांची फी एकदम भरू नका. एकदा लाखभर रुपये भरले, की घरातला कुणीच 'हे जमत नाहीये' हे वाक्य उच्चारू शकत नाही. मुलगी तर मुळीच नाही. ती गप्प राहते, रडत नाही, फक्त तिचं जेवण कमी होतं. वर्षापुरती फी भरा, हप्ते मागा, आणि तिला माघारीची जागा ठेवा.

आता तुझ्यापुरतं बोलते. गणित जमतं, चित्रकलेचा हात आहे, इतिहासाची ओढ आहे, हा फार छान मेळ आहे, आणि त्यात आर्किटेक्चर, वारसावास्तूंचं जतन, डिझाइन, पुरातत्त्व, अर्थशास्त्र, कायदा असं पुष्कळ काही बसतं. त्यातल्या फक्त आर्किटेक्चरला भौतिकशास्त्र आणि गणित एकत्र लागतात. बाकी कशालाच विज्ञान शाखा लागत नाही. म्हणजे तुझ्यापुरता सगळा निर्णय एका मुद्द्यावर येऊन थांबतो: भौतिकशास्त्राच्या त्या दोन धड्यांत तू कितपत रमतेस आणि रसायनशास्त्र कितपत सोसतेस. भौतिकशास्त्रात रमलीस तर विज्ञान घे: भौतिक, रसायन, गणित आणि चौथा विषय भूगोल. भूगोल कॉलेजात नसेल तर आयटी चालेल. जीवशास्त्राचा तू प्रश्नात उल्लेखही केला नाहीस, तेव्हा केवळ भीतीपोटी ते घेऊ नकोस. आणि दुसरी भाषा सोडू नकोस. लिहिण्या-वाचण्याशी संबंधित काही करायचं झालं तर तिचा आधार होईल. भौतिक आणि रसायन दोन्हींचे धडे नकोसे झाले तर कला शाखा घे, मान ताठ ठेवून घे: इतिहास, अर्थशास्त्र, मानसशास्त्र आणि मिळालं तर गणित. मामा म्हणतो तसं कॉमर्स तुला जमेलही, पण तुझ्या प्रश्नात त्या बाजूची एकही ओढ मला दिसली नाही. पुस्तपालनाचे धडे वाचून वेगळं वाटलं तर माझं हे मत खुशाल बाजूला ठेव.

विज्ञान घेतलंस तर दिवाळीच्या सुट्टीत एकदा शांतपणे आढावा घे. गुण कमी आहेत एवढ्यावरून शाखा सोडायची नाही, पहिल्या सत्रात जवळजवळ सगळ्यांचेच कमी असतात. पण गणितं सोडवायला बसण्याची इच्छाच उरलेली नसेल, तर तेव्हाच घरी सांग आणि कॉलेजात जाऊन शाखा बदलण्याची चौकशी कर. अकरावीत ते तुलनेने सोपं असतं, बारावीत गेल्यावर कागदपत्रं आणि बुडालेला अभ्यास दोन्ही अंगावर येतात. ड्रॉइंगची वही मात्र दोन्ही वर्षं चालू ठेव. डिझाइन, फाइन आर्ट्स आणि आर्किटेक्चर या तिन्हींच्या प्रवेश परीक्षांत हाताने काढलेल्या चित्राला गुण असतात, आणि दोन वर्षं बंद पडलेला हात शेवटच्या महिन्यात क्लास लावून परत येत नाही.